दातांची कीड आणि फ्लोराइड : वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

प्रश्न : माझी मुलगी सहा वर्षांची आहे. तिच्या वरच्या पुढच्या दातांवर हिरडीलगत खडूसारखे पांढरे पट्टे दिसतात. डेंटिस्ट म्हणाले, ही किडीची सुरुवात आहे, पण फ्लोराइडनं थांबेल, फिलिंगची गरज नाही. कीड लागलेला दात नुसतं औषध लावून कसा सुधारेल?

उत्तर : तुमच्या डेंटिस्टांचं म्हणणं बरोबर आहे, आणि तुम्ही अगदी वेळेवर गेलात. या टप्प्यावर कीड खरोखरच मागे फिरवता येते.

दाताच्या बाहेरच्या कवचाला इनॅमल म्हणतात. वजनानं त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा असतो. कॅल्शियम आणि फॉस्फेटचे स्फटिक तिथे दाटीवाटीनं बसलेले असतात. दातावर साचणाऱ्या चिकट थरातल्या जंतूंना साखर मिळाली, की ते काही मिनिटांत आम्ल तयार करतात. त्या थराखालचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र) साधारण ५.५ च्या खाली उतरला, की स्फटिक विरघळू लागतात. खाणं थांबलं की अर्ध्या ते एक तासात लाळ आम्लाचा जोर मोडते आणि लाळेतलं कॅल्शियम-फॉस्फेट पुन्हा इनॅमलमध्ये शिरतं. ही ये-जा प्रत्येकाच्या तोंडात रोज चालू असते. खनिजं जास्त जाऊ लागली, कमी परत येऊ लागली आणि हे महिनोन्‌महिने चाललं, की तुम्हाला दिसतो तसा पांढरा पट्टा उमटतो.

फ्लोराइड नेमकं इथे काम करतं. स्फटिकांच्या पृष्ठभागाला ते चिकटून बसतं, त्यामुळे विरघळणं मंदावतं. बाहेर पडलेलं कॅल्शियम-फॉस्फेट ते पुन्हा स्फटिकांकडे खेचतं, त्यामुळे भरून येणं वेगानं होतं. शिवाय जो नवा थर बसतो, त्यात फ्लोराइड मिसळलेलं असतं. असा थर पीएच ४.५ च्या आसपास उतरेपर्यंत तग धरतो, म्हणजे दुरुस्त झालेली जागा मूळच्या इनॅमलपेक्षा चिवट होते. आम्लाच्या वेळी थोडं फ्लोराइड जंतूंच्या पेशीतही शिरतं आणि साखरेचं आम्ल करणाऱ्या एका एन्झाइमला अडवतं. मात्र हा परिणाम पहिल्या दोन्हींच्या मानानं दुय्यम आहे.

या सगळ्यासाठी फ्लोराइड दाताला बाहेरून भेटायला हवं. पोटात गेलेल्या फ्लोराइडचा या कामाला फारसा उपयोग नाही. लाळेत ते सतत राहिलं, तर दहा लाख भागांत एका भागापेक्षाही कमी प्रमाण पुरतं. म्हणून आम्ही रोजच्या पेस्टला वर्षातून दोनदा लावायच्या औषधाइतकंच महत्त्व देतो.

आता तो पट्टा नीट बघा. दात ओला असताना तो फिका दिसेल. कापसानं पुसून थोडी हवा लागू दिली, की ठळक होईल. खडबडीत, निस्तेज आणि हिरडीला अगदी लागून असेल तर कीड चालू आहे. काही महिन्यांनी तो गुळगुळीत आणि चकचकीत झाला तर ती थांबली. पांढरेपणा पूर्ण जाईलच असं नाही, पण चकाकी आली म्हणजे काम झालं. या पट्ट्यात टोकदार वस्तू रोवून कुणी तपासू नये. वरचा पापुद्रा शाबूत असतो आणि त्याखाली पोकळपणा असतो. तो पापुद्रा फुटला की भरून येण्याची संधी गेली, मग फिलिंगच करावं लागतं.

प्रश्न : फ्लोराइड व्हार्निशमध्ये (डेंटिस्ट दातांवर लावतात त्या चिकट लेपात) पेस्टपेक्षा वीस-बावीस पट फ्लोराइड असतं असं वाचलं. लहान मुलाच्या तोंडात एवढं लावणं सुरक्षित आहे का? आणि लावून घेतल्यावर काय पाळायचं?

उत्तर : आकडा खरा आहे. नेहमीच्या व्हार्निशमध्ये ५ टक्के सोडियम फ्लोराइड असतं, म्हणजे २२,६०० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) फ्लोराइड. पण ते लागतं किती ते बघा. सगळे दुधाचेच दात असलेल्या मुलाला ०.२५ मिलिलिटर पुरतं. त्यात साधारण साडेपाच मिलिग्रॅम फ्लोराइड असतं. दहा किलोच्या मुलानं ते सगळं गिळलं, तरी किलोमागे अर्धा मिलिग्रॅमच्या आसपास जातं. तातडीनं दवाखाना गाठण्याची पातळी किलोमागे ५ मिलिग्रॅम मानतात. शिवाय व्हार्निश दातावर घट्ट बसतं आणि हळूहळू सुटतं, त्यामुळे एकदम पोटात जातही नाही. म्हणूनच सहा वर्षांखालच्या मुलांना ट्रेमध्ये भरून लावायचं फ्लोराइड जेल नको, व्हार्निश लावा, असं आम्ही सांगतो.

लावण्याचं काम दोन-तीन मिनिटांचं असतं. दात गॉझनं पुसून घेतात, आधी पॉलिश करायची गरज नसते. पुडीतलं व्हार्निश नीट ढवळावं लागतं, कारण फ्लोराइड तळाला बसतं. न ढवळता वरचं वरचं लावलं तर दाताला नुसती राळ मिळते. एका वेळी तोंडाचा एक भाग कोरडा करून ब्रशनं पातळ थर देतात. लाळ लागली की तो थर घट्ट होतो. जाड थर दिल्यानं फायदा वाढत नाही. उलट त्याचे पोपडे सुटतात आणि मूल ते नखानं काढत बसतं.

दातावर राहिलेल्या थराखाली कॅल्शियम फ्लोराइडचे बारीक कण तयार होतात. पुढचे काही आठवडे-महिने आम्ल वाढलं, की हे कण थोडे थोडे विरघळून नेमक्या गरजेच्या वेळी फ्लोराइड सोडतात. ते तयार व्हायला थर काही तास टिकायला हवा. म्हणून त्या दिवशी मऊ आणि कोमट खायचं. गरम पेय, कडक पदार्थ आणि अल्कोहोल असलेला माउथवॉश टाळायचा, ब्रश दुसऱ्या दिवशी सकाळी करायचा. काही उत्पादनांना चार तासच पुरतात, ते डेंटिस्ट सांगतील. घरी गेल्या गेल्या दात पिवळट दिसतात म्हणून घासून काढणं ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे, आणि त्यानं सगळं मुसळ केरात जातं.

दर सहा महिन्यांनी लावायचं. कीड वेगानं वाढत असेल तर दर तीन महिन्यांनी. एकदाच लावून सोडून दिलं तर फारसा उपयोग नाही. नियमित लावलेल्या मुलांमध्ये व्हार्निश न लावलेल्यांच्या तुलनेत नवी कीड कायमच्या दातांत सरासरी ४३ टक्के आणि दुधाच्या दातांत ३७ टक्के कमी आढळली आहे. बऱ्याच व्हार्निशांत झाडाची राळ असते. मुलाला तिची किंवा चिकटपट्टीच्या गोंदाची अॅलर्जी असेल, दम्यासाठी कधी रुग्णालयात ठेवावं लागलं असेल, किंवा हिरड्यांना जखमा असतील, तर ते आधी सांगा.

प्रश्न : व्हार्निशऐवजी ट्रेमधलं जेल चालेल का? माझ्या पुढच्या दोन दातांवर सिरॅमिकच्या कॅप आहेत.

उत्तर : तुम्हाला नेहमीचं आम्लयुक्त जेल नको. त्यात १२,३०० पीपीएम फ्लोराइड असतं आणि ते फॉस्फोरिक आम्लात केलेलं असतं. सिरॅमिक आणि दाताच्या रंगाची फिलिंग त्यानं खरबरीत होतात, चमक जाते आणि पुढे डाग धरतात. २ टक्के सोडियम फ्लोराइडचं न्यूट्रल जेल मागा, किंवा व्हार्निशच घ्या. कोणतंही जेल असो, ट्रे निम्म्यापेक्षा कमी भरायचा, ताठ बसायचं, चार मिनिटं ठेवायचं, सक्शन चालू असावं. नंतर अर्धा-एक मिनिट नीट थुंकायचं आणि अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. जेल गिळलं तर मळमळ होते. ट्रे काठोकाठ भरलेला असेल तर ते हमखास घडतं.

प्रश्न : आमचा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. वरचे चारही पुढचे दात किडलेत, दोन दाढांत खड्डे आहेत. तो खुर्चीत बसतच नाही. डेंटिस्टांनी ड्रिल न करता चांदीचं औषध लावायचा पर्याय दिला, पण दात काळे होतील असंही सांगितलं. काय करावं? दुधाचे दात तर पडणारच आहेत.

उत्तर : पडणार हे खरं, पण कधी? पुढचे दात सहा-सात वर्षांपर्यंत आणि दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत टिकायच्या असतात. साडेतीन वर्षांच्या मुलाची दाढ अजून सहा-सात वर्षं तरी हवी आहे. तोवर ती ठणकली, तिला पू झाला, तर त्याचं खाणं आणि झोप जाते. दाढ लवकर काढली तर शेजारचे दात सरकतात आणि खालून येणाऱ्या कायमच्या दाताची जागा अडते. म्हणून आमचं स्पष्ट मत आहे की कीड थांबवायलाच हवी. एवढ्या लहान मुलाला धरून-बांधून ड्रिल करण्यापेक्षा किंवा लगेच भूल देण्यापेक्षा हे औषध आधी विचारात घ्यावं.

औषधाचं नाव सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड, थोडक्यात एसडीएफ. नेहमीचं द्रावण ३८ टक्क्यांचं असतं, त्यात ४४,८०० पीपीएम फ्लोराइड आणि जोडीला चांदी. किडून मऊ झालेल्या डेंटिनमध्ये (इनॅमलखालच्या थरात) चांदी शिरते, जंतू मारते, आणि डेंटिनमधल्या प्रथिनांचा नाश करणाऱ्या एन्झाइमना रोखते. फ्लोराइड तिथेच खनिज बसवून तो भाग कडक करतं. एक थेंब चार-पाच दातांना पुरतो, त्यामुळे एकूण फ्लोराइड व्हार्निशपेक्षाही कमीच जातं. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं हे औषध अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं.

ओठांना आणि आसपासच्या त्वचेला व्हॅसलीन लावतात. खड्ड्यातले अन्नकण काढतात, पण ड्रिल लागत नाही. कापसाचे बोळे ठेवून दात कोरडा करतात. हे फार महत्त्वाचं आहे, कारण लाळ आली की औषध पातळ होतं. मग बारीक ब्रशनं औषध किडीवर एक मिनिट चोळत ठेवतात आणि जास्तीचं टिपून घेतात. मूल फारच चुळबुळ करत असेल तर कमी वेळ मिळतो, अशा वेळी पुढच्या भेटीत पुन्हा लावावं लागतं. तोंडात थोडा वेळ धातूसारखी चव राहते. त्वचेला थेंब लागला तर तपकिरी डाग पडतो, तो आठवड्या-दोन आठवड्यांत जातो. कपड्यावर पडलेला डाग मात्र जात नाही, म्हणून नवा शर्ट घालून नेऊ नका.

दोन ते चार आठवड्यांनी डेंटिस्ट पुन्हा बघतील. जागा काळी आणि टणक झाली असेल तर कीड थांबली. तपकिरी आणि चामड्यासारखी मऊ लागली तर पुन्हा लावायचं. नंतर दर सहा महिन्यांनी लावावं. एकदाच लावलेल्या दातांत काही काळानं कीड परत जागी होते. पुढचे दात दाढांपेक्षा चांगला प्रतिसाद देतात, कारण तिथे ब्रश पोचतो. दाढेतला खड्डा तसाच राहतो आणि त्यात अन्न अडकतं. म्हणून मूल थोडं सवयीचं झालं, की त्यावर ग्लास आयोनोमर सिमेंट भरून घ्यावं. त्याला बहुतेक वेळा ड्रिल लागत नाही आणि ते स्वतःही फ्लोराइड सोडत राहतं.

काळेपणाबद्दल कुणी गोड बोलून तुमची समजूत घालू नये. किडलेला भाग काळा होतो आणि काळाच राहतो. निरोगी इनॅमल मात्र काळं पडत नाही. वरून पोटॅशियम आयोडाइड लावलं तर काळेपणा कमी दिसतो, पण तो नंतर परत येऊ शकतो. लावण्याआधी अशा दातांचा फोटो दाखवायला सांगा आणि घरातल्या सगळ्यांनी तो बघा. नंतर आजी-आजोबांनी ‘हे काय करून आणलं’ म्हणण्यापेक्षा आधी बोललेलं बरं. पुढच्या दातांचा काळेपणा नकोच असेल तर दाढांना एसडीएफ आणि पुढच्यांना वेगळा उपचार, असंही करता येतं.

रात्री आपोआप ठणकणारा दात, हिरडीवर पुवाची पुटकुळी, सूज किंवा नसेपर्यंत पोचलेला खड्डा असेल तर एसडीएफ उपयोगाचं नाही. तिथे संसर्ग आत गेलेला असतो. वरून काळा टणक थर आला तरी आत पू वाढतच राहतो. चांदीची अॅलर्जी किंवा तोंडात व्रण असतील तरी लावत नाहीत.

प्रश्न : टूथपेस्टच्या ट्यूबवर नेमकं काय बघायचं? आणि ब्रश झाल्यावर भरपूर चुळा भरायच्या की नाही?

उत्तर : चुळा भरू नका. फेस थुंका आणि तिथेच थांबा. पाण्यानं दोन-तीन खळखळून चुळा भरल्या की लाळेतलं बहुतेक फ्लोराइड बेसिनमध्ये जातं. ही सवय मोडणं मोठ्यांनाच जड जातं, मुलं पटकन शिकतात. रात्रीच्या ब्रशनंतर तर पाणीही पिऊ नये, कारण झोपेत लाळ आटते आणि दातावर राहिलेलं फ्लोराइड तासन्‌तास टिकतं. दिवसातून एकदाच नीट ब्रश होणार असेल तर तो रात्रीचा असू द्या.

ट्यूबवर पीपीएमचा आकडा शोधा. तो १,००० ते १,५०० असावा. ५०० पीपीएमच्या ‘बेबी’ पेस्टनं कीड रोखली जाते याचा भरवशाचा पुरावा नाही. मुलांसाठी पेस्टची ताकद कमी करण्यापेक्षा प्रमाण कमी करा. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, म्हणजे सुमारे ०.१ ग्रॅम. तीन ते सहा वर्षं वाटाण्याएवढी, सुमारे पाव ग्रॅम. १,००० पीपीएमच्या पेस्टच्या तांदळाएवढ्या ठिपक्यात ०.१ मिलिग्रॅम फ्लोराइड असतं, गिळलं गेलं तरी चिंता नाही. पेस्ट मोठ्या माणसानंच काढून द्यावी.

घटकांची यादीही वाचा. पेस्टमध्ये खडू, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट असेल, तर फ्लोराइड ‘सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट’ या रूपात असायला हवं. साधं सोडियम फ्लोराइड खडूतल्या कॅल्शियमला ट्यूबमध्येच चिकटून बसतं आणि दातासाठी उरत नाही. सोडियम फ्लोराइड असेल तर त्याच्यासोबत सिलिका असावी. मुदत संपलेली पेस्ट दात घासायला चालते, कीड रोखायला तिचा भरवसा नाही.

फ्लोराइडचा माउथवॉश ब्रशला लागून वापरू नका. त्यात साधारण २२५ पीपीएम असतं, म्हणजे पेस्टनं ठेवलेलं जास्तीचं फ्लोराइड तुम्ही कमी ताकदीच्या पाण्यानं धुऊन टाकता. दुपारी जेवणानंतर १० मिलिलिटर एक मिनिट खळखळवून थुंकणं योग्य. सहा वर्षांखालच्या मुलांना देऊ नये.

एक मर्यादाही लक्षात ठेवा. दाढेच्या माथ्यावरच्या अरुंद खाचांत फ्लोराइड सर्वांत कमी पडतं, कारण तिथे ब्रशचा केसही शिरत नाही. सहाव्या वर्षी येणाऱ्या कायमच्या दाढांना सीलंट लावून त्या खाचा बुजवून घ्या.

प्रश्न : आमच्या पिण्याच्या पाण्यात तपासणीत लिटरला २ मिलिग्रॅम फ्लोराइड निघालं. मग फ्लोराइडची पेस्ट बंद करायची का? पाणी उकळून चालेल?

उत्तर : आधी पाण्याचं बघा. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम आहे. उकळल्यानं फ्लोराइड उडून जात नाही, पाणी आटतं आणि प्रमाण उलट वाढतं. साध्या कँडल फिल्टरनंही ते निघत नाही. आरओ किंवा अॅक्टिव्हेटेड अॅल्युमिनाचा फिल्टर लागतो. आठ वर्षांखालच्या मुलांचं पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी सर्वांत आधी बदला. बाळाचं पावडरचं दूध त्या पाण्यात कालवू नका.

दातांवरचे फ्लोरोसिसचे (जास्त फ्लोराइड पोटात गेल्यानं पडणारे) डाग दात हिरडीखाली घडत असतानाच तयार होतात. उगवून आलेल्या दाताला बाहेरून पेस्ट लावल्यानं ते होत नाहीत. त्यामुळे मोठ्यांनी पेस्ट बंद करण्याचं कारण नाही. मुलांनीही वर दिलेल्या प्रमाणात वापरावी, फक्त थुंकण्याकडे कडक लक्ष ठेवा. फ्लोराइडचा फायदाही अशा डागांच्या शोधातूनच कळला. अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्जमध्ये फ्रेडरिक मॅके या डेंटिस्टनं तपकिरी डाग असलेल्या दातांना कीड कमी लागते हे पाहिलं. १९३१ मध्ये त्या डागांचं कारण पाण्यातलं फ्लोराइड असल्याचं रासायनिक तपासणीत निघालं. मग डाग पडू नयेत पण कीड कमी व्हावी अशी मात्रा ठरवून १९४५ मध्ये ग्रँड रॅपिड्स शहराच्या पाण्यात ते मिसळायला सुरुवात झाली.

प्रश्न : वडील ७२ वर्षांचे आहेत. हिरड्या खाली गेल्यात, मुळाशी तपकिरी कीड लागत चाललीय. गोळ्यांमुळे तोंड कोरडं पडतं. या वयात फ्लोराइडचा उपयोग होतो का?

उत्तर : होतो, आणि तरुणांपेक्षा जास्त गरज त्यांना आहे. उघड्या पडलेल्या मुळावर इनॅमल नसतं. तिथली खनिजं पीएच ६ पर्यंत उतरायच्या आधीच विरघळू लागतात, म्हणजे इनॅमलला न बाधणारं सौम्य आम्लही मुळाला पुरतं. त्यात लाळ कमी, म्हणजे दुरुस्तीचं सामानच अपुरं. त्यांच्यासाठी डेंटिस्टांच्या चिठ्ठीवर ५,००० पीपीएमची पेस्ट मिळते. ती साध्या पेस्टच्या जागी सकाळी आणि रात्री वापरायची, चूळ भरायची नाही, आणि नातवंडांच्या हाती लागू द्यायची नाही. जोडीला दर तीन महिन्यांनी मुळांवर व्हार्निश. मऊ झालेल्या जागी एसडीएफही चालतं, आणि मागच्या दातांना काळेपणाची अडचणही नसते.

तोंड कोरडं पडतं म्हणून ते दिवसभर गोळ्या-चॉकलेट चघळत असतील तर ते आधी थांबवा. दर वेळी आम्लाची नवी फेरी सुरू होते आणि कोणतंही फ्लोराइड तिला पुरं पडत नाही. साखर नसलेलं च्युइंगगम आणि पाण्याचे घोट हा पर्याय आहे. गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नका. कोरडेपणाबद्दल त्यांच्या डॉक्टरांना सांगा, कधी कधी दुसरी गोळी देता येते.

प्रश्न : दोन वर्षांच्या मुलानं टूथपेस्ट खाल्ली तर काय करायचं?

उत्तर : ट्यूब हातात घ्या आणि किती गेली याचा अंदाज करा. १,००० पीपीएमच्या एका ग्रॅम पेस्टमध्ये एक मिलिग्रॅम फ्लोराइड असतं. बारा किलोच्या मुलासाठी धोक्याची पातळी ६० मिलिग्रॅम, म्हणजे ६० ग्रॅम पेस्ट. पेस्ट १,४५० पीपीएमची असेल तर ४० ग्रॅमच. ब्रशवरची पेस्ट किंवा एक-दोन चाटे गेले असतील तर दूध द्या आणि लक्ष ठेवा. दुधातलं कॅल्शियम फ्लोराइडला पोटात बांधून ठेवतं. ट्यूबचा बराच भाग रिकामा असेल, अंदाज लागत नसेल, किंवा उलट्या, लाळ गळणं, सुस्ती दिसत असेल तर दूध पाजून सरळ रुग्णालय गाठा. मुद्दाम ओकारी काढायला लावू नका. रिकामी ट्यूब सोबत न्या, डॉक्टरांना त्यावरचा पीपीएमचा आकडा लागतो.